मोडेमचा खोका आणि लाडवांचा डबा

बाबांनी आयुष्यात कधी कुणाचं देणं ठेवलं नाही. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की शाळेत ‘मेरे पिताजी’ या विषयावर निबंध आला तेव्हा तेच पहिलं लिहिलं. बहनजींनी समासात लाल शाईनं विचारलं, “और?” मी बराच विचार केला. और काही सुचलं नाही.

बाबा रेल्वेत मालबाबू होते. दूधवाल्याचे पैसे पहिल्या तारखेला, त्यानं मागायच्या आत. बिचाऱ्याला दोन घटका ओट्यावर बसून गप्पा मारायला सबब उरत नसे. शेजारून वाटीभर साखर आणली तर संध्याकाळच्या आत शीग लावून परत. खंडेराव गेटच्या आतल्या गल्लीत आमचं घर, तेही त्यांनी कर्जाविना बांधलं. म्हणजे एका वर्षी खोली, दोन वर्षांनी तिचं छत, आणि पुढच्या भिंतीला प्लास्टर झालं तेव्हा मी कॉलेजात होते. गल्लीतले लोक विचारत, “बाबूजी, मकान बन रओ के बिगड़ रओ?” बाबा म्हणत, “जितका पैसा, तितकी भिंत.” अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण आमच्याकडे अंथरूण येईपर्यंत सगळे पाय पोटाशी घेऊन बसलेले असत.

आमचे पूर्वज मराठ्यांच्या अमदानीत कुणाच्या तरी दफ्तरात हिशेब लिहायला झाशीला आले. हिशेब संपले, दफ्तर गेलं, आम्ही राहिलो. आता इथं मराठी घरं इतकी थोडी, की एका घरी पुरण शिजलं तर उरलेल्यांना संध्याकाळपर्यंत कळतं. आणि या थोड्या घरांत एक नियम होता, जो कुणी कुणाला शिकवला नव्हता. आपल्यातल्या माणसाकडून पावती घ्यायची नाही. गणपतीची वर्गणी असो, भिशी असो, लग्नासाठी नेलेली भांडी असोत, पावती मागणं म्हणजे तोंडावर ‘तुझा भरवसा नाही’ म्हणणं. जे बाबा मालगोदामात पावतीशिवाय पोतं जागचं हलू देत नसत, तेच घरी आले की या धर्माचे सर्वांत कडवे अनुयायी.

आमच्या घरी इंटरनेट आलं ते याच धर्माच्या वाटेनं. आईच्या मावसबहिणीचे यजमान एका कंपनीची एजन्सी चालवत. मराठीत त्यांना काका म्हणायला हवं, पण झाशीत राहून ते मौसाजी झाले होते. मौसाजी दर दोन वर्षांनी नवा धंदा काढत आणि प्रत्येक धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक आम्ही असू. पाणी शुद्ध करायचं यंत्र आम्ही घेतलं, विमा घेतला, मग मोडेम घेतला. बाबांनी सही केली त्या कागदावर बारीक अक्षरात पुष्कळ काही होतं. ते वाचायला बाबांनी चष्मा काढला, तर मौसाजी म्हणाले, “भाईसाहब, मी आहे ना.” बाबांनी चष्मा परत खिशात घातला.

दोनेक वर्षांनी मोबाईलवर नेट स्वस्त झालं. घरात एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे जातात हे ध्यानात आल्यावर बाबांनी मोडेम परत करायचं ठरवलं. त्या महिन्याचं बिल चुकतं केलं. मोडेम ओल्या फडक्यानं पुसला, वायर गुंडाळून सुतळीनं बांधली, मूळ खोक्यात मूळ थर्माकोलसकट ठेवला. निघताना आईनं हातात बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. कुणाची वस्तू परत करताना ती नुसती पाठवायची नाही, ही तिची रीत. साखरेची वाटीसुद्धा ती तशी पाठवत नसे, इथं तर आख्खा मोडेम होता.

मौसाजींनी दुकानात चहा मागवला, लाडू खाल्ला, खोका मागच्या फळीवर ठेवला आणि म्हणाले, “हो गया समझिए.” बाबांनी समजून घेतलं. लाडवांचा डबा मावशीनं आठवड्याच्या आत चिवडा भरून परत पाठवला. डब्याचा व्यवहार असा चोख पुरा झाला. मोडेमचा व्हायचा राहिला, हे आम्हाला तीन वर्षांनी कळलं.

मधल्या काळात बाबांना फोन येत. कुणी बाई हिंदीत आपका बकाया म्हणून सुरुवात करी. बाबा पेपर नीट वाचणारे. म्हाताऱ्या माणसांना फोन करून लुबाडतात, हे त्यांनी वाचलं होतं. ते पुढचं ऐकून न घेता फोन ठेवत आणि मग आम्हाला सांगत, की लोक फसतात कारण लोक ऐकत बसतात. मी नाही फसायचा. बिलं ईमेलवर येत होती. तो ईमेल मौसाजींनीच बनवून दिला होता आणि त्याचा पासवर्ड त्यांनाच ठाऊक होता. होता म्हणजे, तेही विसरले होते. एजन्सी तर त्यांनी कधीच सोडली होती आणि त्याच गाळ्यात आता रंगाचे डबे विकत होते.

मला पुण्याच्या एका कॉलेजात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. आनंदानंच. इतक्या पिढ्यांनंतर घरातलं कुणीतरी महाराष्ट्रात परत चाललं होतं, तेही परीक्षा देऊन. फी मात्र बाबांच्या पद्धतीनं, म्हणजे एका वर्षी खोली आणि दोन वर्षांनी छत, अशी भरता येण्यासारखी नव्हती. महिनाअखेरीला पहिला हप्ता भरला नाही तर जागा दुसऱ्याची. शैक्षणिक कर्ज काढावं लागणार, हे मी दबक्या आवाजात सांगितलं. बाबांनी फीचा कागद दोनदा वाचला. मग म्हणाले की शिक्षणासाठी चालतं, शास्त्रात असेल. कुठल्या शास्त्रात ते मी विचारलं नाही.

कर्जावर वडिलांचीही सही लागते. बँकेत जायला बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ. तिथं एक तरुण अधिकारी बाई होत्या, बोलायला नरम. त्यांनी बाबांची कागदपत्रं पाहिली, कॉम्प्युटरवर काही टाइप केलं, स्क्रीनकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

“बाबूजी, कोई पुराना बकाया है क्या?”

बाबा हसले. म्हणाले, बेटा, तुमच्या सिस्टीममध्ये गडबड आहे. बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. बाबांच्या नावाखाली एकच नोंद होती. इंटरनेटचं बिल, कित्येक महिन्यांचं, वर दंड, शिवाय मोडेमची किंमत. आम्ही सोडलं तेव्हा कनेक्शन बंदच झालं नव्हतं. ते नियमानं बंद करायचा अर्ज कंपनीकडे आला नव्हता, मोडेम जमा झाल्याची नोंद नव्हती. शेवटी कंपनीनंच कंटाळून कनेक्शन तोडलं आणि रक्कम बुडीत खात्यात टाकली. बुडवणारे म्हणून आमचे बाबा.

बाबांनी शांतपणे विचारलं की बरं, हे एक झालं. बाकीचं चांगलं जे आहे ते कुठं दिसतं? चाळीस वर्षांत कुणाचं देणं ठेवलं नाही ते?

बाईंना उत्तर देणं जड गेलं. तरी त्यांनी दिलं. बाबूजींनी कधी कर्ज घेतलं नाही, हप्ता भरला नाही, क्रेडिट कार्ड ठेवलं नाही. मग चांगलं लिहिणार तरी काय? घेतलं असतं आणि फेडलं असतं, तर ते लिहिलं गेलं असतं. रोख देणाऱ्याचं कुणी लिहून ठेवत नाही.

“मतलब उधार न लेना गुनाह हो गया?”

“गुनाह नहीं, बाबूजी। बस, बैंक आपको जानता नहीं।”

दोनशे वर्षं एका गावात राहिलेल्या घराण्यातला माणूस हे ऐकून घेत बसला होता. मला त्या बाईंचा राग आला, मग बँकेचा, मग बाबांचा. सर्वांत जास्त बाबांचाच, कारण तेच जवळ होते. बाबांबरोबर मी घरी निघाले. गल्लीच्या तोंडाशी पानवाल्यानं नेहमीप्रमाणे रामराम केला तर त्यांनी थांबून विचारलं, माझ्याकडे तुझं काही निघतं का? पानवाला घाबरला. बाबा पान खातच नसत.

त्या दिवसापासून त्यांनी ओट्यावर बसणं सोडलं. गणपती मंडळाचे ते खजिनदार होते. त्यांनी किल्ली नेऊन अध्यक्षांना दिली आणि तब्येतीचं कारण सांगितलं. मला वाटत होतं आमचा प्रश्न माझ्या जागेचा आहे. बाबांच्या दृष्टीनं तो प्रश्न त्यांच्या नावाचा होता, आणि जागा त्याच्या मागे रांगेत उभी होती.

कंपनीच्या वसुलीवाल्यांना आता आम्ही आपणहून फोन केला. तिकडचा माणूस फार गोड बोलला. निम्मे भरा, प्रकरण मिटवून टाकू. मी हुरळले. बँकेतल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, असं करू नका. निम्म्यात मिटवलं तर तशीच नोंद राहते, की या माणसानं पुरे दिले नाहीत, आणि ती वर्षानुवर्षं दिसते. पूर्ण भरा आणि काही देणं नाही असं लेखी घ्या. तरी स्क्रीनवर बदल व्हायला महिना-दीड महिना जाईल. माझ्याकडे महिना-दीड महिना नव्हता.

बाबांना निम्म्याचा मोह पडलाच नाही. त्यांचा पेच वेगळा होता. भरावं तर चोरी कबूल केल्यासारखं, न भरावं तर मुलगी घरी. आईनं सोपा उपाय सांगितला. मोडेम परत दिल्याचं मौसाजींकडून लिहून घ्या आणि कंपनीच्या तोंडावर मारा. बाबा म्हणाले, “त्यांच्याकडून लिहून घेऊ? घरच्या माणसाकडून?”

आई सहसा म्हणी वापरत नाही. त्या दिवशी म्हणाली, “चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासीच म्हणतो दोर नीट आवळा.” मी पुढं काहीतरी फार वाईट बोलले. मोठेपणा तुमचा आणि किंमत माझी, अशासारखं. बाबांनी ऐकून घेतलं. मला त्याचं आज वाईट वाटतं का? फारसं नाही. खरंच होतं ते.

आईनं मावशीला फोन लावला. काय बोलली ठाऊक नाही, दार लावून बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारी मौसाजी आले. काखेत मोडेमचा खोका, त्यावर निळ्या रंगाचे शिंतोडे. तीन वर्षं तो त्याच फळीवर होता. बाबांनी बांधलेली सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. कंपनीत जमा करायला उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलं, मग एजन्सी गेली, मग खोक्यापुढं रंगाचे डबे आले, असं त्यांनी सांगितलं. कंपनीकडूनच त्यांचं कमिशन यायचं होतं, हेही सांगितलं. मग त्यांना पुढं काही सांगता येईना. इतकी वर्षं मी मौसाजींना बोलायचं थांबलेलं पाहिलं नव्हतं.

शेवटी त्यांनी फोन काढून बाबांपुढं धरला. पडद्यावर अर्धगोल होता आणि त्यातला काटा पार हिरव्या टोकाला टेकलेला.

“भाईसाहब, हा माझा क्रेडिट स्कोर. मी सही करतो.”

मौसाजींच्या घरातली एक वस्तू अशी नव्हती जी हप्त्यांवर आली नाही. फ्रिज, मोटरसायकल, मावशीचं शिवणयंत्र, टीव्ही, मुलाच्या लग्नाचा मांडवसुद्धा. बाबांना त्यांची दया येई. ऋण काढून सण, असं ते त्यांच्या पाठीमागे हळहळून म्हणत. पण मौसाजींचे हप्ते बँक खात्यातून परस्पर कापले जात, त्यात त्यांच्या विसरभोळेपणाला वावच नव्हता. म्हणून बँक त्यांना ओळखत होती. नुसती ओळखत नव्हती, दर पंधरा दिवसांनी फोन करून अजून काही हवं का विचारत होती. बँकेतल्या बाईंनी सांगितलं की वडिलांच्या जागी असा जवळचा नातेवाईक चालेल. मौसाजींचा स्कोर पाहून बाईंचा चेहरा उजळला. मी तो पाहिला आणि नजर दुसरीकडे केली.

बाबांनी दोन दिवस घेतले. पहिल्या दिवशी त्यांनी कंपनीची सगळी रक्कम भरली, दंडासकट, जी ते देणं लागत नव्हते ती. दुसऱ्या दिवशी मोडेमचा खोका घेऊन रेल्वेच्या पासावर ग्वाल्हेरला गेले, कारण कंपनीचं ऑफिस तिथं. इतका जुना मोडेम आता कुणी घेत नाही, असं तिथला मुलगा म्हणाला. बाबा म्हणाले, घेऊ नको, पण मिळाल्याचं लिहून दे. ते संध्याकाळच्या गाडीनं परत आले तेव्हा खिशात शिक्का मारलेला कागद होता, आणि काही देणं नसल्याचा दुसरा. ते तिथं दिवसभर कुठं आणि कसे बसले असतील ते मला त्यांच्याकडे पाहूनच कळलं.

सह्यांच्या दिवशी बँकेत मौसाजी झोकात आले. झरझर सह्या केल्या, बारीक अक्षरातलं काही वाचलं नाही. त्यांचं झाल्यावर बाबांनी खिशातून कागदाची एक घडी काढली. माझ्या मुलीच्या कर्जाला यांनी आपलं नाव दिलं आहे, तिचा एकही हप्ता चुकला तर तो मी भरेन, असं त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहून सही केली होती. ती घडी त्यांनी मौसाजींपुढं सरकवली. मौसाजींचा चेहरा पडला. ते हात मागे घेत म्हणाले, “भाईसाहब, अपने घर में लिखा-पढ़ी?”

“घरातच करायची,” बाबा म्हणाले. “परक्याशी तर आपण करतोच.”

मौसाजींनी कागद घेतला. घडी मोडली नाही, तशीच शर्टाच्या खिशात ठेवली.

मी पुण्याला गेले. तिथं पहिले सहा महिने माझं मराठी ऐकून लोक हसत. मी ‘मला गुस्सा आला’ म्हणे आणि मग खराच येई. पण ती गोष्ट वेगळी.

निघण्यापूर्वी मी बँकेतल्या बाईंचे आभार मानायला गेले होते, तेव्हा बाबा बरोबर होते. बिल भरल्यावर नाव साफ झालं का, हे त्यांना विचारायचं होतं. बाई म्हणाल्या, बाकी शून्य दिसेल, पण इतके दिवस थकलं होतं हेही दिसेल. मग त्यांनी उपाय सांगितला. एखादी लहानशी वस्तू हप्त्यांवर घ्या आणि वेळेवर फेडा. चांगलं काही लिहिलं जाऊ द्या.

बाबांनी दिवाळीला मिक्सर घेतला. आमचा जुना जळून वर्ष झालं होतं आणि नव्यासाठी पैसे साठवणं चालूच होतं. ते पैसे हातात असताना ते दुकानात गेले आणि बारा हप्त्यांवर मिक्सर घेऊन आले. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलं कर्ज. आईनं खोका उघडायला घेतला तर म्हणाले, थांब. आपला नाही तो अजून.

आईला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. पैसे फिटल्याशिवाय वस्तू वापरणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू वापरणं. खोका कपाटावर गेला, त्यावर जुनी चादर. मला पुण्यात आईचे फोन येत. दुकानदार वापरा म्हणतो, कंपनी वापरा म्हणते, बँक वापरा म्हणते, एकट्या तुझ्या बापाला हरकत आहे. ती पाट्यावर चटणी वाटायची आणि वरवंट्याचा आवाज बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं वाटायची. बाबा पेपर वाचत. हप्त्याच्या आदल्या दिवशी जाऊन खात्यात पैसे आहेत ना ते पाहून येत, उन्हात, चालत. मी म्हटलं, फोनवर दिसतं. ते म्हणाले, “मला दिसतं. त्यांना मी दिसायला हवा.”

मला हसू आलं आणि मग आलं नाही.

पुढच्या दिवाळीच्या जरा आधी, सकाळी मी कॉलेजला निघत होते, तर बाबांचा फोन आला. मी हॅलो म्हटलं. पलीकडून भयंकर घरघर ऐकू आली. मला वाटलं गाडी चाललीय, मग वाटलं फोन बिघडला. मी बाबा, बाबा करत राहिले. घरघर थांबली, आईचं काहीतरी बोलणं ऐकू आलं, पुन्हा सुरू झाली. त्या आवाजाच्या वरून बाबा ओरडून बोलले, आयुष्यात ते कधी ओरडून बोलत नसत.

“ऐकू येतो का? आपला आहे.”